वर्गातलं तंत्रज्ञान: पालक, शिक्षक आणि कधीकधी मुलंही विचारतात ते प्रश्न

ठाणे जिल्ह्यात, नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी विज्ञान आणि गणित शिकवते. आमची मुलं दिघा, रबाळे, गोठिवली, घणसोलीहून येतात. बऱ्याच जणांचे आईवडील टीटीसी एमआयडीसी या इथल्या औद्योगिक पट्ट्यात कामाला आहेत. शाळेत आधी एक प्रोजेक्टर आला, मग संगणक कक्ष, मग दोन मोठी टचस्क्रीन पॅनेलं. तेव्हापासून पालकसभेत आणि स्टाफरूममध्ये तेच ते प्रश्न कानावर पडतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हणून हे पान. मतं माझी आहेत. शेजारच्या वर्गातल्या सरांना यातली निम्मी पटत नाहीत.

पॅनेल बसवलं म्हणजे शिकवणं सुधारतं का?

नाही. ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या संघटनेनं २०१५ साली बऱ्याच देशांची आकडेवारी तपासली. ज्या देशांनी शाळांमधल्या संगणकांवर भरपूर पैसा ओतला होता, त्यांच्या मुलांचे पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीतले वाचन, गणित आणि विज्ञानाचे गुण लक्षात येण्याइतके वाढलेले दिसले नाहीत.

अहवाल वाचायच्या आधीच मला याचा अनुभव आला होता. पॅनेल आलं त्या वर्षी मी नववीला पचनसंस्थेपासून भूकंपापर्यंत दिसेल तो व्हिडिओ दाखवला. वर्ग चिडीचूप असायचा, मुख्याध्यापक दारातून डोकावून खूश व्हायचे. घटक चाचणीत मात्र उत्तरं जिथल्या तिथे. मुलं बघत होती, एवढंच. डोकं आणि हात दोन्ही रिकामे होते. त्यानंतर मी स्वतःला एक सवय लावून घेतली. पाठ टाचणात ‘व्हिडिओ’ असं लिहिलं की त्याच्यापुढे ‘तेव्हा मुलं काय करतील’ हेही लिहायचं. ती जागा कोरी राहिली तर व्हिडिओ रद्द.

मग नेमका उपयोग कुठे होतो?

जे डोळ्यांनी दिसत नाही, हातात धरता येत नाही किंवा फळ्यावर हलवता येत नाही, तिथे.

भूमितीतलं उदाहरण घ्या. एकाच कंसात आंतरलिखित केलेले सगळे कोन एकरूप असतात, हे दहावीचं प्रमेय. फळ्यावर मी तीन कोन काढते आणि मुलं मान डोलावतात. पण तीन म्हणजे सगळे नव्हेत, हे हुशार मुलाच्या मनात राहतंच. जिओजेब्रा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वर्तुळावरचा बिंदू बोटानं सरकवता येतो आणि कोनाचं माप बाजूला दिसत राहतं. बिंदू फिरतोय, माप जागचं हलत नाही. मी आधी वहीत अंदाज लिहायला लावते आणि मगच एखाद्याला पुढे बोलावते. बिंदू दुसऱ्या कंसावर गेला की माप एकदम बदलतं आणि वर्गात गलका होतो. त्या गलक्यातच सिद्धतेची गरज तयार होते. सिद्धता मात्र फळ्यावर आणि वहीतच.

विजेच्या धड्याचंही तसंच. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला फेट हा प्रकल्प आहे. त्याची सिम्युलेशनं, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत आणि त्यातली बरीच मराठीतही मिळतात. परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात. खऱ्या तारेत ते कुणालाच दिसणार नाहीत. पण म्हणून खरी बॅटरी, खरा बल्ब कपाटात ठेवू नका. सिम्युलेशनमध्ये तार कधी सैल होत नाही, सेल कधी उतरलेला नसतो. खऱ्या परिपथात बल्ब लागत नाही तेव्हा दोष शोधत बसावं लागतं, आणि विज्ञान तिथंच शिकून होतं. आमच्याकडे आधी टेबलावर जोडणी, मग पडदा, मग पुन्हा टेबल असा क्रम असतो.

माझा सगळ्यात लाडका तास मात्र भूगोलाच्या बाईंबरोबर घेतलेला. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रह चित्रं वर्षामागून वर्ष अशी पळताना दिसतात. आम्ही ठाणे खाडी लावली. प्रत्येक गटाला एकच काम दिलं: खाडीची रुंदी, मिठागरं, कांदळवन, वस्ती यांतलं एक निवडायचं आणि दर दहा वर्षांनी काय बदललं ते ट्रेसिंग पेपरवर काढायचं. आपली इमारत कोणत्या वर्षी ‘उगवली’ हे शोधताना पोरं पडद्याला अक्षरशः चिकटली. एका मुलीचे आजोबा इथलेच कोळी. तिनं घरी जाऊन विचारलं आणि पुढच्या तासाला सांगितलं, की चित्रात हिरवं वाढलेलं दिसतंय तिथे आजोबांची होडी लागायची. गाळ साचला, कांदळवन वाढलं, होडीची जागा गेली. नंतर आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, हे वाक्य तिथल्या चिखलाचा वास घेत ऐकलं तर विसरत नाही.

आमच्या वर्गात साठ मुलं आणि मोबाइल एकट्या शिक्षकाकडे. काय करणार?

खूप काही. मला तर हीच परिस्थिती सगळ्यात सोयीची वाटते.

प्लिकर्स नावाची एक युक्ती आहे. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक चौकोनी ठिपकेदार कार्ड द्यायचं. प्रत्येकाची नक्षी वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. प्रश्न विचारला की मुलं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरतात आणि शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. कुणाचं काय उत्तर ते क्षणात दिसतं. नक्षी वेगवेगळी असल्यानं शेजारच्याचं कार्ड बघून काही कळत नाही. चाळीस कार्डांचा संच मोफत छापता येतो, मोठ्या वर्गासाठी ६३ कार्डांचाही आहे. खर्च झेरॉक्सचा आणि जाड पुठ्ठ्याचा.

आठवीत मी विचारलं होतं, ‘चंद्राच्या कला कशामुळे दिसतात?’ हा धडा होऊन आठवडा झाला होता. तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरच्या तिघांनी बरोबर सांगितलं असतं आणि मी पुढे सरकले असते. कार्डांनी दाखवलं की निम्म्याहून जास्त वर्ग ‘पृथ्वीची सावली’ या पर्यायावर बोट ठेवून बसलाय. म्हणजे त्यांनी ग्रहण आणि कला यांची खिचडी केली होती, आणि ती माझ्या नाकाखाली आठवडाभर शिजत होती. मग खिडक्या लावून घेतल्या, मोबाइलचा टॉर्च हा सूर्य, रबरी चेंडू हा चंद्र. प्रत्येकानं हातात चेंडू धरून स्वतःभोवती एक गिरकी घेतली. चूक कुठे आहे ते तंत्रज्ञानानं दाखवलं, ती दुरुस्त झाली चेंडूनं. वर्गातल्या तंत्रज्ञानाकडून माझी अपेक्षा साधारण एवढीच असते.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड कुणी वापरतं का?

फार कमी, आणि याचं वाईट वाटतं. ‘दीक्षा’ हे शालेय साहित्याचं राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य तिथे उघडतं. पुस्तकात कोड छापण्याच्या कल्पनेशी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांचं नाव जोडलेलं आहे. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली.

साहित्याचा दर्जा सारखा नाही. काही व्हिडिओ फार छान आहेत, काहींत पुस्तकच मोठ्यानं वाचलेलं आहे. आधी स्वतः बघा, मग वर्गाला दाखवा. पालकांसाठी एक सूचना: पुस्तक हरवलं किंवा पावसात भिजलं तर दुकानात धावू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात.

हे सगळं शहरातल्या शाळांचे चोचले नाहीत का?

ठाणे जिल्ह्यात राहून हा प्रश्न विचारू नये. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा आठवा. संदीप गुंड या शिक्षकानं लोकांना सोबत घेऊन तिथे डिजिटल शाळा उभी केली आणि ‘पाष्टेपाडा पॅटर्न’ म्हणून ती राज्यभर गाजली. माझ्या मते त्यात पडद्याइतकंच महत्त्व गावानं घातलेल्या पैशाला आहे. ज्यानं वर्गणी दिली तो येता-जाता विचारतो, ‘गुरुजी, यंत्र चालू आहे ना?’ आमच्याकडे एक प्रोजेक्टर कपाटात सहा महिने पडून होता आणि कुणीही विचारलं नाही.

इंटरनेट मध्येच गेलं तर?

जाणारच. आदल्या दिवशी डाउनलोड करून ठेवा. फेटची सिम्युलेशनं आणि जिओजेब्रा दोन्ही ऑफलाइन चालतात. गंमत म्हणजे जगाचं ‘क्लाउड’ ज्यांत साठवतात ती डेटा सेंटरं ऐरोली आणि महापेत उभी आहेत, आमच्या खिडकीतून त्यांच्या चिमण्या दिसतात, आणि आमच्या वर्गात व्हिडिओचं चाक गरगर फिरत असतं.

मुलाला अभ्यासासाठी स्वतःचा मोबाइल घेऊन द्यावा का?

दहावीपर्यंत तरी, माझं उत्तर नाही. घरातला मोबाइल मागून घ्यावा, काम झालं की परत द्यावा.

‘असर २०२४’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी साधारण ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे होते साधारण ७६ टक्के. शहरातल्या मुलांचं चित्र यापेक्षा सोज्वळ असेल असं समजायला माझ्याकडे तरी काही कारण नाही.

लहान भावंडांबद्दलही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय: दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासाच्या आत. कोविडच्या काळात केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्येही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं धरली होती. तेव्हा अनेक खासगी शाळांनी सकाळी आठ ते दुपारी एक पोरांना पडद्यापुढे बसवलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

त्या काळातली एक आठवण सांगते. सातवीतला एक मुलगा तासाला कधीच दिसायचा नाही. घरात एक फोन, तो वडिलांबरोबर कंपनीत जायचा. रात्री नऊला वडील आले की हा माझा दिवसभरातला व्हॉइस मेसेज ऐकायचा आणि वहीचा फोटो पाठवायचा. महिनाभर मी त्याची गैरहजेरी मांडत होते. त्या वर्षात सगळ्यात नेमानं वही त्यानंच लिहिली होती. तेव्हापासून ‘सगळ्यांनी लिंकवर या’ असं म्हणताना माझी जीभ अडखळते.

आता हातानं लिहायचं कशाला? टायपिंग शिकवा ना!

दोन्ही शिकवा. लॅपटॉपवर नोंदी घेणारे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवतात, हातानं लिहिणारे वेचून स्वतःच्या शब्दांत लिहितात आणि म्हणून त्यांना जास्त समजतं, असा निष्कर्ष २०१४ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात निघाला होता. नंतर तोच प्रयोग इतरांनी केला तेव्हा फरक दर वेळी तितका ठळक दिसला नाही, म्हणून मी त्याची पताका नाचवत नाही. माझं कारण साधं आहे. बोर्डाचा पेपर दोन-तीन तास हातानं लिहायचा असतो. आणि गणितातली चूक मला वहीतल्या खाडाखोडीत दिसते, टाइप केलेल्या उत्तरात नाही.

टायपिंग शिकवायचं तर युनिकोडमध्ये, म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर नीट उघडेल अशा पद्धतीत, आणि इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर. जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडल्या की काय अवतार होतो, ते प्रत्येक शिक्षकानं परीक्षेच्या आदल्या रात्री पाहिलेलं असतं.

मुलं गृहपाठ चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. काय करायचं?

आमच्या मराठीच्या बाईंकडे ‘पावसाळा’ या विषयावर एक निबंध आला. भाषा सफाईदार, शुद्धलेखन बिनचूक. त्यात होतं, ‘खिडकीत बसून गरम कॉफीचा मग हातात घेऊन मी पावसाचं संगीत ऐकतो.’ लिहिणारा राहतो दिघ्याला, डोंगराच्या उतारावरच्या पत्र्याच्या घरात. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘तुझ्याकडे पाऊस आला की काय होतं रे?’ तो म्हणाला, ‘पत्र्याचा आवाज एवढा होतो की टीव्ही ऐकू येत नाही बाई, मग आम्ही सगळे नुसते एकमेकांकडं बघून हसतो.’ बाई म्हणाल्या, ‘हे लिहून आण.’

उत्तर थोडंफार त्यातच आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर यंत्र सहज देतं, तो घरी पाठवायचा प्रश्नच नव्हे. ‘जमिनीची धूप म्हणजे काय’ यापेक्षा ‘तुझ्या गल्लीत पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं, ते काढून आण’ असं विचारलं तर नक्कल करायची कुणाची? लिहून आणलेल्या गृहपाठावर मी दोन मिनिटं तोंडी विचारते, ‘ही पायरी का घेतलीस?’ ज्यानं केलंय तो सांगतो.

एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. एकाच संकल्पनेवर सोपे, मध्यम, अवघड असे पंधरा प्रश्न काढायचे असतील तर माझं रविवारचं एका तासाचं काम दहा मिनिटांत होतं. पण ते चुकतं, आणि चुकताना जराही चाचरत नाही. दहावीच्या मुलांना मी मुद्दाम एआयनं दिलेलं उत्तर छापून देते आणि चुका शोधायला सांगते. हा खेळ त्यांना भारी आवडतो. मोठ्या माणसाची चूक काढायला कुणाला आवडत नाही? वयाचीही अट लक्षात असू द्या: चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान १३ वर्षांचा हवा आणि १८ च्या आतल्यांना पालकांची परवानगी हवी. पाचवीतल्या मुलाला स्वतःच्या खात्यावरून ते उघडून देणारे पालक मला दर सभेला भेटतात.

दिसण्यात किंवा वाचण्यात अडचण असलेल्या मुलांना याचा फायदा होतो का?

सगळ्यात जास्त त्यांनाच होतो आणि सगळ्यात कमी चर्चा त्यांचीच होते. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, अँड्रॉइड फोनमध्ये तेच काम करणारं टॉकबॅक असतंच. माझ्या वर्गात अगदी कमी दिसणारी एक मुलगी होती. फळ्याचा फोटो काढून टॅबवर मोठा करून बघायची मुभा तिला दिली, एवढंच केलं. त्याआधी पाच वर्षं ती शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, आणि आम्ही सगळे तिला ‘हळू आहे’ म्हणत होतो.

शाळेच्या ॲपमध्ये मुलांची माहिती भरावी का?

विचारून भरा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल. मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला त्यात बंदी आहे. ॲप कुणाचं, माहिती कुठे जाते, शाळा सोडल्यावर पुसतात का, हे तीन प्रश्न पालकसभेत उभं राहून विचारा. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर गुणांची यादी टाकू नका. हे आम्हा शिक्षकांना.

तंत्रज्ञानामुळे शिक्षकांचं काम कमी झालं असेल ना?

(इथे स्टाफरूममध्ये हशा पिकतो.) हजेरी, पोषण आहार, आधार जुळणी, प्रशिक्षणाच्या लिंका, आणि प्रत्येकीचा स्क्रीनशॉट. पुढचा प्रश्न.

मी माजी विद्यार्थी आहे. शाळेला काय भेट देऊ?

नवं पॅनेल देऊ नका. उद्घाटनाची फीत कापायला सगळे येतात, तिसऱ्या वर्षी टच बिघडतो तेव्हा कुणी फोन उचलत नाही. खरंच द्यायचं असेल तर आधी शाळेत येऊन एक पूर्ण दिवस मागच्या बाकावर बसा. काय कमी आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल. आमच्या शाळेत अशी एक बॅच आली होती. त्यांनी आहे त्या यंत्रांच्या तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे भरले, बरा आवाज देणारे दोन स्पीकर घेतले, भिंतीवर प्लग पॉइंट वाढवले. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे शिवून दिले, कारण दुपारच्या पाळीत ऊन थेट पॅनेलवर येतं आणि चौथ्या बाकापलीकडे काहीच दिसत नाही. ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी लिहून दिली नव्हती. मागे बसलेल्यानं ती पहिल्या तासाला सांगितली.